ग्रॅनाइट आधी की नाइस? लालबागेतल्या खडकाच्या निमित्ताने

प्रश्न आवडला म्हणून जरा ऐसपैस लिहितो. बाकीच्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात: विचारणारे मूळचे इचलकरंजीचे, आता नोकरीसाठी बंगळुरूला. लालबागेत केंपेगौडा टॉवरखाली जो मोठा उघडा खडक आहे तिथल्या पाटीवर पेनिन्सुलर नाइस, वय ३०० कोटी वर्षं असं वाचलं, आणि पुढे रामनगरला गेले तर तिथले डोंगर ग्रॅनाइटचे, वय साधारण २५० कोटी. शाळेत तर शिकवलेलं की ग्रॅनाइटवर उष्णता आणि दाब पडला की त्याचा नाइस होतो. मग ज्यापासून झाला तो नंतरचा आणि जो झाला तो आधीचा, हे कसं काय? शिवाय शेवटी विचारलंय की सह्याद्रीच्या काळ्या दगडाखाली पण हेच आहे का आणि त्या काळ्या दगडाचाही पुढे कधी नाइस होईल का.

थेट उत्तर आधी देतो. शाळेतलं वाक्य बरोबर आहे आणि पाटीही बरोबर आहे. लालबागेतला नाइस रामनगरच्या ग्रॅनाइटपासून झालेला नाही, तो त्याच्याही आधीच्या, ग्रॅनाइटच्याच जातकुळीतल्या एका करड्या खडकापासून झाला. आणि रामनगरचा ग्रॅनाइट बऱ्याच अंशी असा जुना नाइसच वितळून झालाय. आता तो सगळ्यात आधीचा करडा खडक कुठून आला म्हणाल, तर तो बेसॉल्ट वितळून. म्हणजे ज्या काळ्या दगडाच्या मुलखात तुम्ही वाढलात त्याच जातीच्या दगडातून, फक्त तीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या.

खरी अडचण मला वाटतं ती शाळेतल्या तक्त्याची आहे. त्यात ग्रॅनाइटपासून नाइसकडे एक बाण असतो आणि तिथेच गोष्ट संपते. खंडाचं जुनं कवच मात्र या फेऱ्यातून पुन्हा पुन्हा गेलंय. त्यामुळे "याचं वय किती" विचारलं की आम्हाला उलट विचारावं लागतं, कशाचं वय? शिलारस थिजला ते, का तो खडक तापून-दाबला जाऊन पट्ट्यापट्ट्यांचा झाला ते, का त्यात नंतर गुलाबी शिरा घुसल्या ते? एकाच हातभर दगडात ही तिन्ही वयं सापडू शकतात आणि तिन्ही खरी असतात.

दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ती म्हणजे नाइस हे नाव फक्त पोताचं आहे. जाड दाणे आणि फिकट-गडद पट्टे दिसले की नाइस. मूळ खडक ग्रॅनाइट होता का चिखल होता हे त्या नावावरून कळत नाही. भंडाऱ्याकडे चिखलापासून झालेला नाइसही मिळतो, त्यात गार्नेट आणि सिलिमनाइट ही खनिजं असतात, अभ्रक भरपूर असतो. धारवाडच्या बाजूचा (आम्ही धारवाड म्हणतो ते नुसतं शहर नव्हे, कर्नाटकाखालचा खंडाचा जुना तुकडा) पेनिन्सुलर नाइस मात्र बहुतेक सगळा अग्निजन्य मुळाचा. तेव्हा पुढे जे लिहितोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल, सगळ्या नाइसला ते लावू नका.

माझं बरंचसं काम दक्षिण कर्नाटकात आणि नंतर पूर्व विदर्भात नकाशे करण्यात गेलं. नवीन मुलं सोबत आली की मी त्यांना पहिल्यांदा रामनगर-कनकपुरा भागातल्या एखाद्या बंद पडलेल्या क्वारीत नेतो, कारण तिथे कापलेली ताजी भिंत मिळते आणि काहीही न शिकवता क्रम वाचता येतो. समोर करडा नाइस असतो, बोटाएवढे पट्टे, फिकट पट्ट्यात फेल्डस्पार आणि गारगोटी, गडद पट्ट्यात काळा अभ्रक आणि कुठे कुठे हॉर्नब्लेंड हे काळं खनिज. त्या करड्यात मधेच काळेकुट्ट तुकडे अडकलेले दिसतात, काही वीतभर, काही खोलीएवढे, कडा ओढल्यासारख्या लांबट झालेल्या. ते अँफिबोलाइटचे, म्हणजे बेसॉल्ट तापून-दाबून झालेल्या, हॉर्नब्लेंडने भरलेल्या काळ्या खडकाचे. करड्या खडकाचे पट्टे त्या तुकड्यांना वळसा घालून जातात, म्हणजे काळे तुकडे आधीच तिथे होते. मग या सगळ्याला आरपार छेदून जाणाऱ्या गुलाबी शिरा, बोटभर ते हातभर रुंद, जाड दाण्याच्या, पट्ट्यांची जराही पर्वा न करता तिरक्या गेलेल्या. जो छेदतो तो नंतरचा, जो छेदला जातो तो आधीचा. काळा, मग करडा, मग गुलाबी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या भिंतीवर लिहिलेलं असतं, मी पुढे फक्त त्याची कारणं सांगतोय.

काळ्यापासून करडा कसा झाला हा सगळ्यात मोठा टप्पा, म्हणून इथे जास्त वेळ घेतो. पृथ्वीचं कवच ज्या प्रावरणावर बसलंय ते प्रावरण वितळलं की त्यातून बेसॉल्टच मिळतो, थेट ग्रॅनाइट मिळत नाही. प्रावरणात सिलिका कमी, लोह-मॅग्नेशियम जास्त, त्यामुळे तुम्ही कितीही प्रयत्न केलात तरी त्यातून फिकट, गारगोटीवाला खडक एका झटक्यात निघत नाही. त्याला दुसरी पायरी लागते. खडक तापला तर तो मेणासारखा सबंध वितळत नाही, आधी त्यातला थोडा भाग वितळतो, आणि हा वितळलेला भाग मूळ खडकासारखा नसतो. बर्फाचा गोळा चोखताना पहिल्यांदा सरबत तोंडात येतं आणि हातात पांढरा बर्फ उरतो, तसं. बेसॉल्टमधून आधी बाहेर पडतं ते सिलिका, सोडियम, ॲल्युमिनियम जास्त असलेलं, आणि मागे राहतो तो लोह-मॅग्नेशियमचा जड भाग.

पण कोरडा बेसॉल्ट वितळायला हजार अंशांच्या वर जावं लागतं. त्यात पाणी मुरलेलं असेल तर काम बरंच सोपं होतं. समुद्रतळावर ओतलेल्या लाव्हात पाणी शिरतं, त्याची खनिजं बदलतात, तो खोल गेला की त्याचा अँफिबोलाइट होतो आणि मग आठशे-नऊशे अंशांच्या आसपास तो अर्धवट वितळायला लागतो. यातून जो शिलारस वर येतो त्याला आम्ही टीटीजी म्हणतो, म्हणजे टोनालाइट, ट्रॉन्ढेमाइट आणि ग्रॅनोडायोराइट, तीन भावंडं. दिसायला ग्रॅनाइटसारखीच पण गुलाबी पोटॅशवाला फेल्डस्पार कमी आणि सोडियमवाला पांढरा-करडा जास्त. पेनिन्सुलर नाइसचा मोठा हिस्सा मूळचा हाच.

हे नुसतं अंदाजाने सांगत नाही, रसायनशास्त्रात त्याचा चोख पुरावा आहे. टीटीजीमध्ये इटर्बियम, ल्युटेशियम ही जड मूलद्रव्यं फार कमी असतात. ती गेली कुठे? गार्नेटला ही मूलद्रव्यं फार प्रिय. शिलारस वेगळा होताना मागे उरलेल्या भागात गार्नेट असेल तर ती त्यात धरली जातात आणि वर आलेल्या शिलारसात कमी पडतात. आणि बेसॉल्टी खडकात वितळताना गार्नेट टिकायचं म्हणजे दाब दहा किलोबारच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवा, म्हणजे ३५-४० किलोमीटर खोली. म्हणजे आज लालबागेत पायाखाली असलेला दगड एकेकाळी एवढ्या खोलीवर कुठेतरी वितळून सुटला, हे त्याच्यातल्या इटर्बियमच्या तुटवड्यावरून सांगता येतं. मला आजही ही गोष्ट सांगताना बरं वाटतं.

बेसॉल्ट एवढा खोल गेला कसा, यावर मात्र जाणकारांत अजून वाद आहे. एक बाजू म्हणते की आजच्यासारखीच समुद्रतळाच्या कवचाची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली सरकत होती. दुसरी बाजू म्हणते की त्या काळी पृथ्वी आतून जास्त तापलेली होती, युरेनियम-थोरियम-पोटॅशियममधून निघणारी उष्णता आजच्या साधारण दुप्पट, त्यामुळे लाव्हाचे थरावर थर साचून कवच इतकं जाड व्हायचं की त्याचा तळच वितळायचा. माझं मत विचाराल तर पश्चिम धारवाडच्या सगळ्यात जुन्या नाइससाठी मला दुसरी गोष्ट जास्त पटते, कारण तिथे सोबत कोमॅटाइट सापडतात, होळेनरसीपूरच्या पट्ट्यात बघा, आणि कोमॅटाइट म्हणजे अतिशय तप्त प्रावरणातून आलेला लाव्हा. पूर्व धारवाडचा अडीचशे कोटींच्या आसपासचा खडक बघितला तर पहिल्या बाजूचं म्हणणं जास्त जुळतं. दोन्हीकडे एकच गोष्ट लावायचा हट्ट धरू नये असं मला वाटतं.

आता करडा टीटीजी पट्ट्यापट्ट्यांचा कसा झाला. इथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात असतो की रूपांतर म्हणजे वितळून पुन्हा थिजणं. तसं नाही. वितळला की तो पुन्हा अग्निजन्यच झाला. रूपांतर होतं ते घन अवस्थेतच, सहाशे-सातशे अंशांना खडक तापलेला असतो पण रस झालेला नसतो, आणि कणाकणाने त्यातली खनिजं नव्याने वाढतात. त्याच वेळी बाजूने दाब असतो, खडक सरकत असतो, त्यामुळे अभ्रकाच्या पापुद्र्या सगळ्या एका दिशेला झोपतात, गारगोटी लांब फितीसारखी ओढली जाते, शिरा आणि तुकडे ताणून ताणून समांतर होतात. लाखो वर्षं हे चाललं की पट्टे तयार. काही पट्टे थोडंसं जागच्या जागी वितळण्यातूनही होतात, फिकट रस एका थरात गोळा होतो आणि त्याच्या कडेला काळ्या अभ्रकाची किनार उरते. अशी काळी किनार दिसली तर समजा की इथे खडक वितळायला लागला होता. अशा अर्धवट वितळलेल्या खडकाला मिग्मटाइट म्हणतात, आणि अग्निजन्य का रूपांतरित या प्रश्नाला तिथे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण तो दोन्ही आहे.

एक ओळखायची युक्ती सांगतो, फार कामाची आहे. ग्रॅनाइटमध्येही कधीकधी मोठे फेल्डस्पार एका दिशेला लागलेले दिसतात आणि लोक त्याला नाइस म्हणून मोकळे होतात. भिंग लावा आणि फेल्डस्पारचा आकार बघा. कडा सरळ, कोपरे शाबूत, पेटीसारखा आयताकृती असेल आणि आजूबाजूची गारगोटी चुरडलेली नसेल, तर तो शिलारस वाहत असतानाच त्या दिशेला लागलाय, खडक ग्रॅनाइटच. फेल्डस्पार डोळ्यासारखा गोल-लांबट, दोन्ही टोकांना शेपट्या, आणि बाजूने अभ्रक त्याला लपेटून गेलेला, तर तो घन झाल्यावर चिरडला गेलाय. क्लोजपेट ग्रॅनाइटमध्ये, म्हणजे तुमच्या रामनगरच्याच खडकात, पहिला प्रकार खूप छान दिसतो, आणि काही पट्ट्यांत दुसराही. दोन्ही एकाच डोंगरात मिळू शकतात, म्हणून एका दगडावरून निकाल देऊ नका.

किती तापला आणि किती खोल गेला हे कळायला काही खनिजं फार मदत करतात. पूर्व विदर्भातलं उदाहरण देतो. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइटच्या खाणी आहेत. कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडॅल्युसाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच, पण दाब जास्त असेल तर कायनाइट, तापमान जास्त असेल तर सिलिमनाइट, दाब कमी असेल तर अँडॅल्युसाइट. तिघं एकत्र नांदू शकतील असा बिंदू पाचशे अंश आणि चार किलोबारच्या आसपास येतो. मग कायनाइटच्या कडेने सिलिमनाइटचे बारीक तंतू वाढलेले दिसले तर तो खडक आधी खोल होता आणि नंतर तापत गेला, हे मायक्रोस्कोपखाली समोर दिसतं. तिकडचं मँगनीजही याच प्रकारचं. नागपूर-भंडारा-बालाघाटच्या सौसर पट्ट्यातले मँगनीजवाले थर मुळात समुद्रातला गाळ, तापून-दाबून त्यांचा गोंडाइट झाला, मँगनीजवालं गार्नेट आणि गारगोटी. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी मध्य भारतातल्या या खडकाला ते नाव दिलं. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींची नावं विदर्भातल्या लोकांना परिचयाची असतील. हा पट्टा लालबागेच्या नाइसपेक्षा खूप तरुण आहे, पण वाचायची पद्धत तीच.

परत कर्नाटकात येऊ. करड्यापासून गुलाबी, म्हणजे तिसरा टप्पा. कवच एकदा टीटीजीचं झालं, वर गाळ साचला, लाव्हा साचले, पट्टे दाबले गेले, कवच जाड झालं. मग साधारण २५२ कोटी वर्षांपूर्वी खालून प्रावरणातून गरम शिलारस येऊन त्याच्या तळाशी भिडला. खालचा नाइस वितळायला लागला. इथेही तेच अर्धवट वितळणं, फक्त या वेळी कच्चा माल बेसॉल्ट नसून फिकट नाइस होता, त्यामुळे आधी सुटला तो पोटॅशियम. काळ्या अभ्रकात पोटॅशियम आणि पाणी दोन्ही असतं, आठशे अंशांच्या पुढे अभ्रक मोडला की दोन्ही रसात जातात, आणि तो रस थिजला की पोटॅश फेल्डस्पारने गुलाबी झालेला खरा ग्रॅनाइट मिळतो. क्लोजपेट ग्रॅनाइटचा हा पट्टा दक्षिणोत्तर चारशेएक किलोमीटर लांब आहे, रामनगरपासून पार उत्तरेला हंपीच्या भागापर्यंत तो तुम्हाला भेटत राहतो. सगळाच नाइस वितळून झाला असं मात्र म्हणता येणार नाही, त्यात प्रावरणातून आलेल्या रसाचाही वाटा आहे, काही ठिकाणी दोन्ही मिसळताना थिजलेले दिसतात. म्हणून वर "बऱ्याच अंशी" असं लिहिलं.

या पट्ट्याची एक गंमत अशी की दक्षिणेकडचं कवच जास्त उचललं जाऊन जास्त झिजलंय. त्यामुळे दक्षिणेला ग्रॅनाइटची खोल मुळं उघडी पडली आहेत, जिथे नाइस आणि ग्रॅनाइट एकमेकांत असे मिसळलेत की हद्द आखता येत नाही, आणि उत्तरेकडे जाल तसा तो वरच्या थरात स्वतंत्र घुसलेला, स्पष्ट कडा असलेला दिसतो. म्हणजे जमिनीवर दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रवास केला तरी कवचात खालून वर आल्यासारखं होतं. बंगळुरूला राहताय तर कब्बाळदुर्गलाही जरूर जा, कनकपुराच्या बाजूला आहे. तिथे करड्या नाइसमध्ये हिरवट-काळपट, तेलकट दिसणारे डाग आणि पट्टे आहेत, तो चार्नोकाइट. नाइसचे पट्टे त्या डागात शिरले की पुसट होतात, म्हणजे नाइस आधीचा आणि त्याच्यावर हा बदल नंतर चढलेला. पाणी कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेला वायू-द्रव भेगांमधून गेला, अभ्रक आणि हॉर्नब्लेंड मोडले आणि त्यांच्या जागी पायरॉक्झीन आलं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. जगभरचे भूवैज्ञानिक ही जागा बघायला येतात.

हे सगळे आकडे कुठून येतात असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मुख्य साधन झिरकॉन. वाळूच्या कणापेक्षाही लहान असलेलं हे खनिज थिजताना युरेनियम आत घेतं आणि शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियमचं शिसं होत राहतं आणि ते आतच अडकतं. युरेनियमचे दोन प्रकार, एकाचं अर्धायुष्य साधारण ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याचं ७० कोटी, म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं, एक दुसऱ्याला तपासतं. झिरकॉन इतका चिवट की खडक तापला, चिरडला, अगदी अर्धवट वितळला तरी त्याचा गाभा टिकतो आणि वर नवीन साल चढते. कण मधोमध घासून, त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून फोटो काढला की गाभ्याच्या आणि सालीच्या रेघा वेगळ्या दिसतात, मग सूक्ष्म किरणाने गाभ्याचं वय वेगळं आणि सालीचं वेगळं मोजतात. ग्रॅनाइटच्या झिरकॉनमध्ये तीनशे कोटींचा गाभा आणि अडीचशे कोटींची साल मिळाली, तर हा ग्रॅनाइट जुन्या नाइसमधून सुटलाय याहून सरळ पुरावा काय हवा?

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सह्याद्रीखाली काय. हे आपण भोक पाडून बघितलेलं आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट, मग थोडासा जुना गाळ, आणि त्याखाली उच्च तापमानात रूपांतरित झालेला प्राचीन पाया. कोयनेला १९६७ च्या भूकंपामुळे आणि नंतरही चालू राहिलेल्या धक्क्यांमुळे खोल ड्रिलिंग झालं, कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. तिथल्या तीन किलोमीटरच्या पायलट बोअरमध्ये साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली तळापर्यंत ग्रॅनाइट-नाइस. म्हणजे कोयनेजवळ पाटणच्या डोंगरात उभं राहिलात तर लालबागेच्या नात्यातला खडक तुमच्या पायाखाली दीडेक किलोमीटरच्या आतच आहे. भोक पाडायची गरज नसेल तर सिंधुदुर्गात जा, तिथे बेसॉल्ट संपतो आणि जुना नाइस, शिस्ट, रेडीचा लोहखनिजवाला पट्टा, सगळं उघडं पडलंय. गोव्यात अनमोड घाटातला नाइस तर ३४० कोटी वर्षांच्या घरातला मानला जातो. पूर्वेकडे गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या नावाने ओळखला जाणारा नाइसचा प्रदेश आहे, तो बस्तरच्या खंडाचा भाग, धारवाडपेक्षा वेगळा तुकडा.

आणि आपल्या बेसॉल्टचा नाइस होईल का? आहे त्या जागी तरी नाही. सगळ्यात खालच्या थराचंही तापमान शंभर अंशांच्या आत आहे, तेवढ्यात फार तर पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे स्फटिक वाढतात, जे पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींत सापडतात आणि तेही बरेचसे जुन्या काळातच वाढलेले. त्याला पाचशे-सहाशे अंश हवे असतील तर वीस-पंचवीस किलोमीटर खाली जावं लागेल, आणि त्यासाठी खंडाला खंड धडकण्यासारखं काहीतरी व्हावं लागेल. तसं झालंच तरी त्याचा थेट फिकट नाइस होणार नाही, त्याचा काळा अँफिबोलाइट होईल. क्वारीच्या भिंतीतले ते काळेकुट्ट तुकडे आठवा, त्यातले कितीतरी अशाच कुठल्यातरी लाव्हाचे राहिलेले आहेत. अँफिबोलाइट पुढे अर्धवट वितळला तर त्यातून टीटीजी, आणि तो चिरडला गेला की करडा नाइस. सगळेच जुने लाव्हा एवढ्या खोल जात नाहीत. चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला उशीसारख्या आकाराचा लाव्हा आहे, पाण्याखाली ओतला की तो असा गोळ्या-गोळ्यांनी थिजतो, २५० कोटींहून जुना, आणि थोडंसंच रूपांतर झाल्यामुळे उशा अजून ओळखू येतात.

कोणी विचारेल की मग आजही मूळ बेसॉल्टचाच समुद्रतळ सगळीकडे का आहे आणि हे फिकट खडकच तीनशे कोटी वर्षं का टिकले. वजनामुळे. बेसॉल्टची घनता साधारण ३, प्रावरणाची ३.३, आणि टीटीजी-ग्रॅनाइटची २.७ च्या आसपास. समुद्रतळाचा बेसॉल्ट थंड होऊन खाली जातो आणि पुन्हा प्रावरणात जिरतो, त्यामुळे आजचा समुद्रतळ वीसेक कोटी वर्षांहून जुना जवळपास मिळतच नाही. फिकट खडक हलका, तो बुडत नाही. चिरडला जातो, वितळतो, पुन्हा थिजतो, पण वरच राहतो. खंडांचं जुनं कवच म्हणजे हाच न बुडालेला, पुन्हा पुन्हा शिजलेला माल.

जाता जाता किचनच्या ओट्याबद्दल, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. दुकानात जे जे ग्रॅनाइट म्हणून विकतात ते सगळं ग्रॅनाइट नसतं. इलकलचा लालसर दगड ग्रॅनाइट आहे. ब्लॅक गॅलेक्सी हा आंध्रातल्या चीमकुर्तीचा, गॅब्रोच्या जातीचा, म्हणजे बेसॉल्टच्याच घडणीचा पण खोलात सावकाश थिजलेला, त्यातले चमकणारे ठिपके पायरॉक्झीनचे. आणि पॅराडिसो नावाने जो लाटालाटांचा जांभळट-राखाडी दगड मिळतो तो मिग्मटाइट. एखाद्या मोठ्या दुकानाच्या यार्डात पॉलिश केलेल्या लाद्या उभ्या लावलेल्या असतात, तिथे तासभर काढा, मालकाला सांगून काढा, मी वर लिहिलेलं सगळं म्हणजे सरळ कडांचे फेल्डस्पार, शेपट्यावाले डोळे, अभ्रकाची काळी किनार, आडवी गेलेली शीर, हे उघड्या डोंगरापेक्षा तिथे जास्त स्वच्छ दिसतं, कारण डोंगरावरचा दगड उन्हापावसाने मळकट झालेला असतो.

लालबागेतल्या खडकावर मात्र हातोडी चालवू नका, ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे आणि मरडीहळ्ळीचंही तसंच. रामनगरला पुन्हा गेलात तर टेकडीवर चढण्याआधी पायथ्याला रस्त्यासाठी कापलेली भिंत शोधा. फोटो काढलात तर इथेच टाका, पण शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, फोटो सावलीत काढा, आणि जिथे दोन रंग एकमेकांना भिडतात ती हद्द फोटोत यायला हवी. नुसत्या मधल्या भागाच्या फोटोवरून मला काही सांगता येणार नाही.